पोटाचं काहीतरी

श्यामकांत काकांना काहीही सांगायचं म्हणजे अख्ख्या मजल्याला सांगायचं. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं आणि उजव्याचाही फारसा भरवसा नव्हता. म्हणून ते फॉर्म घेऊन आल्या आल्या जानकीनं आधी बाहेरचं दार लावलं, मग पॅसेजकडची खिडकी.

"पॉलिसी बदलायची आज शेवटची तारीख," काका टेबलावर कागद पसरत म्हणाले. "आज अर्ज गेला नाही तर वर्षभर थांबायचं." खालच्याच मजल्यावर राहणारे काका अर्ध्या सोसायटीचे विमा एजंट होते. गंधालीला त्यांनी दप्तर पाठीला लावून जिना चढताना पाहिलं होतं. आता ती छत्तीस वर्षांची होती. "बोल. आजार काय?"

गंधालीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं तिची आई, जानकी, उभी होती. आईनं डोळे मोठे केले. सकाळीच तिनं बजावलं होतं, पुरुष माणूस आहे, पोटाचं म्हणून सांग आणि मोकळी हो.

"पोटाचं काहीतरी आहे."

"काय?"

"पोटाचं, काका."

काकांनी 'पोटदुखी' असं लिहिलं. त्या अक्षरांकडं बघून गंधालीला लाज वाटली, आणि लाज वाटते याची त्याहून जास्त वाटली. ऑफिसात चाळीस माणसांसमोर ती बेधडक बोलायची. इथं एक शब्द तोंडातून निघेना. पिशवी. पिशवीत तीन गाठी होत्या. जुन्या पॉलिसीत बसणाऱ्या बोरीवलीतल्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले होते, पिशवीच काढून टाकू, तुमचं लग्नबिग्न तर नाही ना झालेलं? अंधेरीच्या डॉक्टरीणबाई दुर्बिणीनं नुसत्या गाठी काढणार होत्या, आणि ते हॉस्पिटल फक्त नव्या पॉलिसीत होतं. गंधालीला पिशवी हवी होती. कशासाठी, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नुसतं पोटदुखीच ना?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघ हां. कंपनी हो म्हणेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण इथं एक लिहिलं आणि ऑपरेशन भलतंच निघालं, तर लपवलं म्हणतील. मग क्लेमची वाट लागली समज."

गंधाली टेबलावरच्या प्लॅस्टिकचा कोपरा नखानं खरवडत राहिली.

"काका, ते..."

"हं?"

"चहा घेणार ना?"

"घेतो की. चल, पुढचा प्रश्न. घरात कुणाचं मोठं ऑपरेशन?" याचं उत्तर त्यांना पाठच होतं. "वहिनींचं अपेंडिक्स. मोसंबी घेऊन मीच आलो होतो भेटायला." आणि ते लिहू लागले. गंधालीनं मान हलवली. तिलाही लहानपणापासून अपेंडिक्सच ठाऊक होतं.

जानकी कपबशी घेऊन बाहेर आली होती. ती टेबलाशी येऊन तशीच थांबली.

"भावजी, तां खोडा," ती पुटपुटली.

"काय म्हणालात, वहिनी?"

जानकीनं कपबशी खाली ठेवली. थोडा चहा बशीत सांडला. मग ती एवढ्या मोठ्यानं बोलली की लावलेल्या दाराचा काही उपयोग राहिला नाही.

"खोडा म्हटलंय. माझा अपेंडिक्स जाग्यार आसा. पिशवी काढलेली, चौतिसाव्या वर्साक. कोणी इचारूक पण नाय माका."

गंधाली आईकडं बघत होती. आईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. पदराला हात पुसत ती तिथंच उभी राहिली, आत गेली नाही.

काकांनी 'अपेंडिक्स'वर रेघ मारली. मग पेन सावकाश वर नेलं आणि 'पोटदुखी'वरही मारली.

"सांग बाळा," ते म्हणाले, इतक्या हळू, की ऐकायला गंधालीलाच पुढं वाकावं लागलं.