साक्षीला घरचीच माणसं

“शिंप्याची सही कशाला?” थोरल्याने विचारलं आणि आईच्या हातातला कागद ओढून घेतला.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून शेजारच्या शिंप्याला नि त्याच्या भावाला बोलावलंय, असं आई म्हणाली. तेवढा कायदा तिला कळत होता. कोर्टाच्या दारात वकिलांचे काळे कोट इस्त्री करण्यातच तिची तीस वर्षं गेली होती.

थोरल्याने कागद दोनदा वाचला. घर त्याला. बाकी जे काही राहील ते धाकटीला. तो गालात हसला. बाकी म्हणजे काय, तर दोन पोचे पडलेली पातेली आणि ती कोळशाची इस्त्री.

बाप गेला त्याच आठवड्यात त्याने या धाकट्या बहिणीला कडेवरच्या पोरासकट घराबाहेर काढलं होतं. घर आईच्या नावावर, म्हणून तिला तेवढी ठेवली, तीही मागच्या पडवीत, कोळशाच्या पोत्यांशेजारी. आईने ब्र काढला नाही. आमची आई म्हणजे गरीब गाय, असं तो चारचौघांत सांगे.

पण स्वतः महासंशयी. आंघोळीलाही कपाटाची किल्ली गळ्यात घालून जाणारा. स्वभावाला औषध नाही. उद्या धाकटीने शिंप्याला फितवलं तर? त्याने शिंप्याला तोंडावर सुनावलं, मापं घ्यायची ती दुकानात घे, आमच्या घराची घेऊ नकोस. शिंपी भावाला घेऊन निघून गेला.

“मग साक्षीला कोण रे?” आईने विचारलं.

“मी आहे, ही आहे,” त्याने बायकोकडे बोट केलं. “घरच्यांसारखी माणसं नाहीत.”

“तुला बरं वाटेल तसं कर, बाबा.”

आईने दोघांसमोर अंगठा उठवला. दोघांनी झोकात सह्या ठोकल्या.

वर्षभराने आई गेली. थोरला कागद घेऊन कोर्टात उभा राहिला. मागच्या बाकावर धाकटी बसली होती, तिच्या शेजारी शिंपी. साक्षीच्या सह्या कोणाच्या, असं न्यायाधीशांनी विचारलं. माझी आणि बायकोची, थोरला छाती काढून म्हणाला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कायदाच आहे. तेव्हा घरही बाकी राहिलेल्यात आलं. ते तुमच्या बहिणीचं.”

बाहेर आल्यावर थोरल्याने शिंप्याची गचांडी धरली. त्या दिवशी अडून बसला असतास, सही करूनच उठला असतास, तर घर माझं राहिलं असतं, म्हणाला.

“मला सहीला बोलावलंच नव्हतं,” शिंपी म्हणाला. “मावशी म्हणाल्या होत्या, ये, आणि तो हाकलेल तेव्हा गुमान जा.”