पोटातले पाहुणे

क्रेन चालवणाऱ्या धाकट्या भावाला उजव्या भुवईतून ठणकत उठणाऱ्या अर्धशिशीपायी मुकादमाने दोनदा भर कामात खाली उतरवलं होतं. तिसऱ्यांदा डोकं उठलं तर क्रेनचं काम सुटणार आणि रवानगी थेट गोदामात, असं बजावलंही होतं.

म्हणून ताईने, ती जिथे नर्स होती त्या हॉस्पिटलातल्या प्रयोगात त्याचं नाव घातलं. पोटातले जिवाणू सुधारले तर डोकं शांत होतं का, हे तिथे तपासत होते. तीन महिने रोज एक कॅप्सूल. निम्म्या लोकांना जिवाणू, निम्म्यांना नुसती पिठी. कोणाला काय मिळतंय, हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांत त्याचं डोकं एकदाही उठलं नाही.

"पोटात पाहुणे आलेत माझ्या, आणि काय गुणाचे म्हणून सांगू!" तो दिसेल त्याला सांगत सुटला. उंचावरच्या केबिनमध्ये आता शीळ घालत बसायचा.

शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे ताईने त्याच्या हातात बंद पाकीट ठेवलं.

"कशाला उघडतोस? गुण आलाय ना? मग झालं."

"वा गं वा! तीन महिने पोसलंय, पाहुण्यांची नावं तरी कळू देत!" त्याने तिथल्या तिथे पाकीट फाडलं, वाचलं आणि खो खो हसला. "पिठी? मग पिठीच दे की, ताई! माझं काय जातंय?"



हे म्हणता म्हणता त्याचा हात आपसूक उजव्या भुवईवर गेला.