इंग्रजी येणारा ड्रायव्हर

“घाटात ट्रक चालवता येतो?”

“येस.”

“भरलेला मागे घेता येतो?”

“येस.”

मॅनेजरांनी मान वर केली. पुण्याहून नंदुरबारला येऊन त्यांना जेमतेम आठ दिवस झाले होते. इथल्या अहिराणीत ‘येतं’ला ‘येस’ म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सुपडूच्या नावापुढे लिहिलं, ‘इंग्रजी जाणतो’. नेमका असाच माणूस त्यांना हवा होता.

मॅनेजरांची एजन्सी कंपन्यांना ट्रकड्रायव्हर पुरवायची. सुपडू तिथला बदली ड्रायव्हर. कोणी आजारी पडला, तरच त्याच्या हाती गाडी यायची. आता धडगावला विहिरी खोदायचं यंत्र न्यायचं होतं आणि सोबत गोरा साहेब होता.

“साहेब खूश, तर तू पक्का. तक्रार आली, तर तोंड दाखवू नकोस,” मॅनेजर म्हणाले.

पक्की नोकरी लागल्याशिवाय लेक नांदायला धाडणार नाही, असं रनाळ्याच्या सासऱ्याने, बन्सीलालने बजावलं होतं. बायको वत्सलेवाचून सुपडूला भाकर गोड लागत नव्हती.

निघताना जुना ड्रायव्हर करणसिंग कानाशी लागला. “साहेबले मराठी येत नही. तू त्यानासंगे काय बोलशी?”

सुपडू घाईघाईने स्टिअरिंगवर जाऊन बसला.

साहेब शेजारी बसला होता, पण शहाद्यापर्यंत सुपडूने रस्त्यावरची नजर हलवली नाही. तिथे सुपडूने भजी घेतली आणि पुडा पुढे करून धीराने विचारलं, “साहेब, तिखट भजा खाता येस का?”

“येस!”

सुपडू चमकला. साहेबाच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण गड्याने पुडा संपवला. मग सुपडूची भीड चेपली. मांडी घालीसन बसता येस का? येस. तमाखू मळता येस का? येस. मळता काही आली नाही, ती गोष्ट वेगळी.

घाटात चढावर ट्रक मागे सरकू लागला. क्लीनर नव्हता. ब्रेकवर उभा राहून, हाताने मागचं चाक दाखवत सुपडू ओरडला, “साहेब, चाकले दगड लावता येस का?”

“येस! येस!”

साहेबाने उडी मारली आणि हा एवढा धोंडा चाकामागे लोटला. यंत्र वाचलं, दोघेही वाचले. धडगावला पोचल्यावर साहेबाने सुपडूला मिठीच मारली.

चौथ्या दिवशी पक्क्या नोकरीचा कागद खिशात घालून सुपडू रनाळ्याला गेला. बातमी त्याच्याआधी पोचली होती. वत्सलेची पेटी ओट्यावर तयार होती. जावयासाठी कधी जागचा न हललेला बन्सीलाल आज उठून सामोरा आला.

“गोरा साहेबसंगे इंग्रजी बोलनात म्हने, जवाई?”

“मी कसानी इंग्रजी बोलस, मामा?” सुपडू लाजला. “त्यालेच आपली अहिराणी येस. एकच शब्द येस, पन जठे लागस तठे बराबर बोलस!”