पाचवा संचालक

"हळबेसर, पुढचा अर्ज तुमच्या मिसेसचा आहे," अध्यक्ष चाचरत म्हणाले.

सर लगेच उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. घरच्यांचा अर्ज आला की संचालकानं बाहेर जायचं, हा शिक्षक आरोग्य निधीचा नियम त्यांनीच हट्टानं करून घेतला होता.

दोन मिनिटांत अध्यक्ष बाहेर आले. "आज आपण मोजून पाच होतो. तुम्ही उठलात आणि कोरम मोडला. आता निर्णयच घेता येत नाही."

"मग मी आत येतो."

"तुम्ही असताना तो अर्ज घेता येत नाही. पुढच्या महिन्यात बघू."

"ऑपरेशन सोमवारी आहे हो."

अध्यक्ष दार धरून म्हणाले, "चला सर. बाकीच्यांचे अर्ज तुमच्यावाचून खोळंबलेत."