पाहुण्यांचा आकडा

१९९६ साली साताऱ्यातल्या माझ्या मित्रानं, प्रशांतनं, घरचा फोन कॉम्प्युटरला जोडला. कुणीही आपल्या कॉम्प्युटरवरून तिथं फोन लावावा आणि प्रशांतनं लिहिलेले गेम उतरवून घ्यावेत. सांगलीत मीही तेच केलं, पण माझ्याकडं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

त्याच्याकडं फोन लावला की मात्र स्क्रीनवर आतापर्यंत आलेल्या पाहुण्यांचा आकडा झळकायचा. 'मिलिंद' असं खोटं नाव टाकून मी रोज तो बघायचो. काल एकशे ऐंशी, आज एकशे एक्क्याऐंशी! पोटात नुसतं दुखायचं.

मेढ्याला एका लग्नात तो भेटला. मी कसंबसं हसून म्हणालो, "लय गर्दी हाय रं तुझ्याकडं!"



"कसली गर्दी, गड्या? कवाच बंद करणार हुतो. पण कुणीतरी मिलिंद हाय, तो एकटाच रोज येतो. त्याचं मन मोडवत न्हाई."