शाळेचा माड

मंदाने नारळांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि आतून कुणी ‘या’ म्हणेल म्हणून ती थांबली. कामगारांच्या चाळीतली ती शेवटची खोली. भिंतीला टेकून सोजराबाई कारखान्यातून आणलेल्या कापडी पिशव्यांचे सुटे दोरे कापत बसल्या होत्या. वारा कारखान्यांकडचा होता. हवेला एक आंबट, गंजलेली चव होती. रस्त्यापलीकडे मंदाच्या सासऱ्यांनी, रामनाथआबांनी, टेम्पो उभा केला होता. ते खाली उतरले नव्हते.

“मी मंदा. गावच्या शाळेच्या समितीची अध्यक्ष.”

“वळखलं की. वळणावरची वाडी तुमची.” कात्री चालूच राहिली. “जूनात मी आले हुते, नातीचा हात धरून.”

मंदाने मान खाली घातली. “मावशी, शनिवारी तालुक्याचे साहेब पट बघायला येनार. एक पोर कमी पडतं. पट नाय भरला तर शाळा बंद, नि पोरांना हायवेकडच्या शाळेत धाडनार.”

“मंग?”

“तुमच्या नातीचं, स्वराचं नाव आमच्या शाळेत घाला. तेवढंच मागायला आले.”

“तुमचे सासरे म्हनले हुते, ज्याच्या वाडीत शाळेचा माड न्हाई त्याचं लेकरू हितं बसत न्हाई. मी आपली हसले. वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.”

ती चेष्टा नव्हती. मूल पहिलीत घालताना प्रत्येक घराने आपल्या वाडीतला एक माड शाळेला सोडायचा. त्याचे नारळ शाळेचे, आणि त्या नारळांवर शाळेची कौले, खडू, झेंडावंदनाचा खाऊ. गावाने ही रीत इतक्या निष्ठेने सांभाळली की भाड्याच्या खोलीला वाडी नसते, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. की ध्यानात आले होते, आणि बरेच वाटले होते? मंदाला ते आता ठरवता येत नव्हते.

“माड हाय आता,” ती घाईने म्हणाली. “आमच्या विहिरीजवळचा. स्वराच्या नावानं सोडते. हे नारळ त्याचेच.”

सोजराबाईंनी पिशवीकडे पाहिले. “एवढ्या लांबनं माड चालत आला व्हय माझ्या दारात! जूनात त्येला पाय नव्हते.”

मंदाला हसू आले, आणि आल्याबरोबर त्याची लाज वाटली.

“तुमच्या जावेचा पोरगा पिवळ्या गाडीतनं बोईसरला जातो की, इंग्रजीच्या शाळेत. एकच कमी हाय म्हनता, त्याला आना.”

“मेहुलला? आमच्या घरात माझं कोन ऐकनार, मावशी?”

“आन् माझं घर ऐकंल, आसं वाटलं?”

दाराबाहेर एक टँकर गेला. भांडी फळीवर थरथरली आणि पुन्हा गप्प झाली. मंदा उंबऱ्यावरच टेकली. गावाची अध्यक्ष म्हणून जे बोलायचे ते संपले होते. उरले होते ते तिचे एकटीचे.

“माझी भाविका पहिलीत हाय. शाळा मिटली तर तिला टँकरच्या रस्त्यानं जायला लागेल. त्या रस्त्याला कड नाय, मावशी. मोठी मानसंसुद्धा गटारात उतरतात. मला रात रात झोप येत नाय.”

कात्री पहिल्यांदाच थांबली.

“ठावं हाय,” सोजराबाई म्हणाल्या. “स्वरा त्याच रस्त्यानं जाते. जूनापासनं.”

दोघींच्या मध्ये दोऱ्यांचा एक पांढरा ढीग होता. मंदाला जे जे सुचत होते, त्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

“धाडते,” सोजराबाई म्हणाल्या. “तुमच्यावर उपकार म्हनून न्हाई. माझ्या लेकराला तुमची शाळा जवळ पडते म्हनून. पर माड नको. ही पिशवी बी घेऊन जा. मला तुमच्या मीटिंगीत बसवा. पुढच्या खेपंला कुनाच्या लेकराला न्हाई म्हनायचं झालं, तर माझ्या तोंडावर म्हना.”

“मी इचारते, मावशी. म्हंजे, आबांना...”

“अध्यक्ष तुमी न्हवं?”

मंदाने पिशवी उचलली. रस्ता ओलांडताना ती दोनदा मागे सरली. तिसऱ्या वेळी टँकरांच्या रांगेत तिला वाट मिळाली.

“काय गो?” रामनाथांनी खिडकीतून विचारले. “देते का पोर?”

“देते. पन माड नको म्हनते. समितीत बसनार म्हनते.”

“समितीत?” रामनाथ हसले. ते हसू ओठांवरच विरले. “आज ती येईल, उद्या आख्खी चाळ येईल. काय नाय, सांग तिला, माड मोठा हाय, चांगला धरतो. नि बसवनार कुठं गो तिला? खुर्च्या आपल्याच मानसांना पुरत नाय.”

“एक हाय.”

“कुठली?”

“माझी,” मंदा म्हणाली. “अध्यक्षाची. पहिल्या दिवसापासनं रिकामी हाय ती, आबा. तुमी समोर बसता, म्हनून मी दाराशी उभी असते.”