चौथी भाकरी

"रिकाम्या ताटासमोर बसलेला पाहुणा मला दिसता कामा नये," सासूबाई म्हणायच्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण तवा तापला की तो आवाज अजून माझ्या शेजारी पाटावर येऊन बसतो.

डेन्मार्कहून सहा महिने शिकायला आलेली इंगा आमच्याकडे राहते. पहिल्या दिवसापासून तिचं ताट रिकामं झालं की मी वाढते, आणि मी वाढलं की ती संपवते. मी थापत राहते, ती चावत राहते. दोन महिने झाले, दोघींनाही घाम फुटतो, पण थांबत कुणीच नाही.

काल चौथी भाकरी थापताना मनगटातून कळ आली. मी परात बाजूला सारली.

"बाई गं, तुझं पोट आहे की रांजण? उद्या कॉलेजात सांगते, हिला दुसरं घर बघा म्हणून. माझ्यानं नाही होत आता."

तिचा चेहरा उतरला. डेन्मार्कहून निघताना मिळालेला सूचनांचा कागद तिनं खोलीतून आणला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि अडखळत मराठीत अर्थ सांगितला, "ज्यांच्या घरी राहाल, त्यांनी वाढलेलं टाकू नका."

मी पिठाच्याच हातानं कपाळ बडवलं. "अगं, मग वाढताना नको म्हणायचं होतंस."

तिनं कागदाची घडी घातली. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली,

"मावशी, मला एकच भाकरी लागते."